भाज्याच्या डोंगरावरची हाळी

तुंगार्ली

लोणावळ्याला लोक हवा खायला जातात. मला तिथे ऐकायला बोलावले होते. परभणीहून निघताना शेजाऱ्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. पत्नी गेल्यापासून माझ्या बहुतेक बोलण्यावर ते अशीच मान हलवतात.

काम मात्र खरेच ऐकण्याचे होते. आकाशनिरीक्षणाचा छंद असलेल्या पुण्यातील काही सधन मंडळींनी, चंद्रावर उतरू पाहणाऱ्या एका लहानशा खासगी यानात धातूची तबकडी ठेवण्याचे ठरवले होते. तिच्यावर जगभरातले निवडक संगीत असणार होते. आपण सारे नाहीसे झाल्यावर कधी कोणाच्या हाती ती लागलीच, तर माणूस नावाचा प्राणी कसा होता हे त्याला ऐकून कळावे, अशी कल्पना. निवड करायला आम्ही तिघे होतो. पियानो शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मुंबईच्या रेगेबाई आमच्या अध्यक्ष. दुसरे इनामदार, मूळचे लोणावळ्याचेच. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले आणि देशोदेशींच्या जुन्या ध्वनिमुद्रिका जमवण्यात रमलेले. तिसरा मी. मी गायक नाही, वादक नाही. इतरांचे गाणे मुद्रित करून ते स्वच्छ करण्यात माझी पन्नाशी उलटली. खोकला, खुर्चीची करकर, रस्त्यावरचे कुत्रे हे काढून टाकायचे आणि गाणे तेवढे ठेवायचे, हा माझा धंदा. त्यात माझा हात चांगला आहे असे लोक म्हणतात. या प्रवासानंतर ते वाक्य मी पूर्वीच्या समाधानाने ऐकू शकत नाही.

तुंगार्लीच्या तळ्यापासून जवळच एका बंगल्यात आमची सोय केली होती. पावसाळा सरला होता, डोंगरांचा हिरवा रंग पिवळा पडू लागला होता. आठवड्याच्या मधल्या दिवसांत तुंगार्लीतून चालणे हा विलक्षण अनुभव आहे. एकामागून एक बंगले, प्रत्येकाला मोठे फाटक, फाटकाला कुलूप, आणि आत कपडे वाळत घालणारा एखादा राखणदार. आमच्याकडे परभणीला घर म्हटले की त्यात माणसे असतात. इथे घरे माणसांची वाट पाहत शनिवारपर्यंत थांबतात. त्यांच्यामधून फिरताना मला परके वाटले नाही, हे कबूल करायला हवे.

पहिल्याच संध्याकाळी एक फजिती झाली. फिरून आल्यावर खोलीचे दार उघडताना मी सवयीने "आलो ग" म्हणालो. घरीही मी अजून तसे म्हणतो. तिथे ऐकणारे कोणी नसल्याने ते खपून जाते. इथे व्हरांड्यात झाडू मारणाऱ्या राखणदाराने मान वर करून विचारले, "काय म्हनला, सायेब?" मी पाणी मागितले. त्याने तांब्या भरून आणला, आणि तहान नसताना मी तो पुरता प्यालो.

दिवसभर आम्ही ऐकत असू. मंगोलियातला मेंढपाळ एकाच गळ्यातून दोन स्वर काढीत होता. जावा बेटावरची काशाची वाद्ये एकमेकांत मिसळत होती. आफ्रिकेतल्या एका जंगलातल्या बायका गात होत्या, एकीचा श्वास संपेल तिथे दुसरी स्वर उचलीत होती. जपानी बासरीत सुरापेक्षा वाऱ्याचा अंश जास्त होता. तबकडीवर जागा थोडी, त्यामुळे एक देश आत आला की दुसरा बाहेर जाई, आणि संपूर्ण मानवजातीविषयी इतक्या सहजपणे बोलताना आमचा चहा निवून जाई. एक गोष्ट माझ्या मनात राहिली. एवढ्या मोठ्या जगातून आलेल्या त्या मुद्रणांत हसू जवळजवळ नव्हतेच. कदाचित कोणी हसले की माझ्यासारखा एखादा माणूस यंत्र बंद करीत असेल.

शेवटची जागा रेगेबाईंनी राखून ठेवली होती. तबकडी इथून निघते आहे, तर या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरांतला एक आवाज त्यात असावा, असे त्यांचे मत होते. तेव्हा इनामदारांनी मळवली स्टेशनावरच्या आपल्या नोकरीतली एक आठवण सांगितली. गाड्यांच्या मधल्या शांततेत भाज्याच्या डोंगरावरून गवत कापणाऱ्या बायकांच्या हाळ्या ऐकू येत, म्हणाले. "गाणं नव्हे बाई ते. शब्द म्हणाल तर नुसतं नाव. पण मी कागद बाजूला ठेवून ऐकत बसायचो."

भाजे

बुधवारी सकाळी यंत्र पाठीला लावून मी लोकलने मळवलीला उतरलो. इनामदारांचे गुडघे डोंगराला राजी नव्हते. त्यांनी ओळखीच्या घरी निरोप तेवढा दिला होता. स्टेशनापासून भाजे चालत गाठता येते. वाटेत द्रुतगती महामार्ग पुलावरून ओलांडावा लागतो. त्याची घरघर कानात बसली की गाव येईपर्यंत जात नाही, आणि गावातल्या कोणाला ती ऐकूही येत नाही.

ज्या घरी गेलो तिथे दोन जावा होत्या, थोरली हौसाबाई आणि धाकटी मंजुळाबाई, आणि त्यांचे वृद्ध सासरे, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो. शनिवार-रविवारी या जावा लेण्यांच्या पायऱ्यांशी ताक आणि काकडी विकतात. इतर दिवशी बैलांसाठी डोंगरावर गवत कापतात. हौसाबाई माझ्याच वयाच्या, उंच, आणि बोलताना समोरच्याकडे न बघणाऱ्या. मंजुळाबाई ठेंगण्या, सतत हसणाऱ्या. यानाची गोष्ट मी समजावून सांगितली ती दोघींनी शांतपणे ऐकून घेतली. चंद्रावर आवाज जाणार याचे त्यांना फारसे नवल वाटले नाही. एवढ्या लांबून मी त्यासाठी आलो याचे वाटले.

"हिचाच घ्या," मंजुळाबाई म्हणाल्या. "आमची बाय मीठ मागाय हाळी देती तरी लोहगडावं ऐकाय जातंय. चंद्र म्हंजी काय लय लांब न्हाई."

हाळीची रीत त्यांनी चालता चालता सांगितली. वाळलेल्या गवतावरून पाय घसरतो, खाली कडा असतो. म्हणून दोघी डोंगराच्या दोन अंगांना असल्या की अधूनमधून एकीने हाळी द्यायची आणि दुसरीने ओ द्यायची. निरोप काही नसतो. ओ आली म्हणजे बाई उभी आहे. ओ आली नाही तर पुन्हा हाळी. तिसरीलाही ओ आली नाही तर ज्याच्या कानावर ती पडली त्याने हातातले काम टाकून वर जायचे, मग तो कोणत्याही घरचा असो. शनिवार-रविवारी मात्र त्या हाळी देत नाहीत, एकमेकींना सोडून जातच नाहीत. गडावर फिरायला आलेली पोरे गंमत म्हणून कुठूनही ओ देतात. "मंग कळायचं कसं," हौसाबाई म्हणाल्या, "मानूस उबं हाय का पडलंय?"

हे सगळे मी ऐकले होते. अजाणतेपणी चूक झाली असे म्हणण्याची सोय मला नाही.

वाट दुभंगते तिथे हौसाबाई पुढे गेल्यावर मी मंजुळाबाईंना हळूच सांगितले, की पहिल्या हाळीला ओ देऊ नका, दुसरीनंतरही थोडे थांबूनच द्या. मला एकटा, निखळ आवाज हवा आहे. हौसाबाईंना हे सांगायचे नाही, कारण सांगितले की आवाजात कृत्रिमपणा येतो. मंजुळाबाईंना ती थट्टाच वाटली. पदराआड हसत त्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला वळल्या. मी हौसाबाईंपासून थोडा दूर एका खडकाआड यंत्र मांडले, कानांवर ऐकण्याची साधने चढवली आणि वाट पाहत राहिलो.

पहिली हाळी आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. "मंजेऽऽ" एवढाच उच्चार. पण तो खालून उचलून एका जागी बराच वेळ तोलून धरलेला, आणि मग पलीकडच्या उतारावर हलकेच ठेवून दिल्यासारखा. ओ आली नाही. हौसाबाईंनी विळा खाली ठेवला. दुसऱ्या हाळीत स्वर तोच होता, फक्त शेवट जरा लवकर आला, कारण त्यांना ऐकायची घाई झाली होती. ठरल्याप्रमाणे आता थोड्या वेळाने ओ यायला हवी होती. ती आली नाही. वारा आमच्या बाजूला वाहत होता आणि पहिली हाळी मंजुळाबाईंपर्यंत पोचलीच नव्हती, हे नंतर कळले. त्या दुसरीला पहिली धरून गप्प होत्या.

तिसरी हाळी सुरू होण्यापूर्वी हौसाबाईंनी छाती भरून श्वास घेतला. तो श्वास मला यंत्रातून स्पष्ट ऐकू आला. त्या क्षणी खडकाआडून उठून "घाबरू नका, मीच सांगितले आहे," एवढे म्हणायला पुरेसा वेळ होता. मी उठलो नाही. इतका सुंदर आवाज मी आजवर मुद्रित केला नव्हता, आणि माझा शब्द त्यात आला असता तर तो काढावा लागला असता.

तिसरी हाळी मध्येच तुटली. दोन तुकडे झाले तिचे, आणि दुसरा तुकडा पुरा होण्याआधीच हौसाबाई अनवाणी धावत सुटल्या. मग मी उठलो, ओरडलो, पण माझा आवाज मुळातच बारीक. तो माझ्यापाशीच राहिला. खालून माणसे चढताना दिसू लागली. भाताच्या खळ्यावरचे दोघे, लेण्यांपाशी बसणारा एक, आणि सर्वांच्या मागे काठी टेकत आबा.

मंजुळाबाई सापडल्या त्या गवताचा भारा बांधताना. हौसाबाईंनी त्यांचा दंड इतका घट्ट धरला की बांगडी पिचकली.

"वाचा बसलीया का तुजी?"

"ह्या भाऊंनी सांगितलं व्हतं," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांचे हसू मावळले होते. "मला वाटलं तुला ठावं हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी क्षमा मागितली. बहुधा फार शुद्ध भाषेत मागितली. कोणी रागावले नाही. आबा खडकावर टेकले, त्यांनी पाणी मागितले, आणि धाप ओसरल्यावर एवढेच म्हणाले, "आता ऊन हाय, जेवूनच जावा."

आमच्याकडे असल्या प्रकारानंतर पाहुण्याला कोणी पानावर बसवले नसते. इथे मला तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी आणि इंद्रायणीचा मऊ, चिकट भात वाढला गेला. ज्वारीवर वाढलेल्या मला तांदळाची भाकरी परकी वाटते, तोंडात आली की विरून जाते. त्या दिवशी मात्र मी ती पाण्याच्या घोटाबरोबर संपवली. हौसाबाईंनी दोनदा भात वाढला. 

तुंगार्ली

त्या संध्याकाळी मी तिन्ही हाळ्या रेगेबाईंना ऐकवल्या. नको होते ऐकवायला. पण मी काय मिळवले हे कोणाला तरी कळावे, असे वाटणारा एक कोपरा माझ्यात होता आणि तो इतर सगळ्यांपेक्षा बळकट निघाला.

बाईंनी चष्मा काढून हातात धरला. तिसरी हाळी तुटली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.  मग त्या म्हणाल्या, "आपण सगळे अंतराळाकडे तोंड करून हेच करतो आहोत. शेवटी हेच ठेवायचे. याच्यापुढे काही नको." इनामदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती हाळी कशी आली हे मला कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

शिरगाव

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. डोके दुखते असे सांगून मी बैठक टाळली आणि बसने शिरगावला साईबाबांच्या देवळात गेलो. श्रद्धा होती म्हणून गेलो असे म्हणणार नाही. गर्दीत आपले विचार कमी ऐकू येतात, एवढाच हेतू होता.

रांग लांब होती. पुढे पिंपरीकडचे एक कुटुंब होते. त्यांनी ओळख नसताना मला डब्यातला मेथीचा पराठा दिला आणि मी एकटाच कसा, असे विचारले. आरती संपल्यावर ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्या माणसांची नावे पुकारू लागले. कोणी एक आजोबा चुकले होते. त्यांचे नाव, गाव, सदऱ्याचा रंग सांगून पुकारणारा म्हणाला, की तुमची माणसे चपला ठेवतात तिथे थांबली आहेत. थोड्या वेळाने पुन्हा तेच. रांगेतली माणसे आपापल्या आसपास बघू लागली. पुढच्या बाई पराठ्यांचा डबा मिटून टाचा उंचावून पाहत होत्या. मग अचानक त्याच आवाजात कळले की आजोबा सापडले, आणि कधीही न पाहिलेल्या त्या माणसासाठी सगळी रांग सैल झाली, हसली.

मी दर्शन न घेता रांगेतून बाहेर पडलो. रेगेबाई जिला मानवजातीची हाक समजत होत्या, ती ओ नसलेली हाक नव्हती. ओ डोंगराच्या पलीकडच्या बाजूला तयार होती. ती मी अडवली होती.

पुन्हा भाजे

शुक्रवारी सकाळी दोघी अंगणात भात वाळत घालत होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले. ती हाळी सर्वांना फार आवडली आहे. ती निवडली गेली आहे. पण तुमची हरकत असेल तर ती कुठेही जाणार नाही, मी पुसून टाकीन. हौसाबाई हाताने भात पसरत राहिल्या. खरे सांगायचे तर, त्यांनी नकार द्यावा अशीच माझी इच्छा होती. म्हणजे मला फक्त आज्ञा पाळायची राहिली असती.

त्यांनी आवाज ऐकायला मागितला. मी ऐकण्याची साधने त्यांच्या कानांवर ठेवली. तिसऱ्या हाळीला त्यांचे हात भातात थांबले.

"ह्यो मी न्हाई पाठवनार," त्या म्हणाल्या. "दुसरा घ्या. हाळी जाऊंद्या की चंद्रावं, माजं काय न्हाई. पन ह्यो नगं."

मंजुळाबाईंची हरकत वेगळीच होती. त्यांना आपलाही आवाज हवा होता. "नुस्ती हिचीच हाळी धाडली तर तितल्यांना काय वाटंल? मंजी मेली म्हनत्याल. आनि मी हितं जिती." मग जावेकडे वळून, "तुजं नाव व्हनार आनि माजा दिवस घालनार का गं?"

हौसाबाई हसल्या. त्या हसताना मी प्रथमच पाहिले.

आम्ही पुन्हा डोंगरावर गेलो. या वेळी कोणापासून काही लपवले नव्हते, आणि अर्थातच काही जमत नव्हते. हौसाबाई तोंड उघडत आणि हसू येई. मंजुळाबाई हाळीची वाट न पाहताच पलीकडून ओ देत. शेवटी कंटाळून दोघी कापायला लागल्या, माझा विसर पडला, आणि ऊन वर आल्यावर हौसाबाईंनी सहज, मान वर न करता हाळी दिली. पलीकडून लगेच ओ आली, जाड, थोडी किनरी, शेवटी वर उडणारी, आणि तिच्या मागोमाग, "पानी हाय का गं तुज्यापाशीऽऽ?" मग हौसाबाईंचे हसू, खालच्या वाटेवर एका मोटारसायकलचा भोंगा, एक शेळी. मी यंत्र बंद केले नाही. त्यातले काहीच काढायचे नाही, हे तिथेच ठरवले.

तुंगार्ली

रेगेबाईंनी ते दोनदा ऐकले. त्या प्रामाणिक बाई आहेत, आणि त्यांचे म्हणणे मी इथे कमी करून मांडणार नाही. मी आधी झाली हकिकत सांगितली. त्यांनी ती गंभीरपणे ऐकली आणि तुम्ही वाईट केलेत असे स्पष्ट म्हणाल्या. पण मग म्हणाल्या, की हे दुसरे संभाषण आहे. ते पहिले संगीत होते. जगातल्या कितीतरी थोर गाण्यांमागे कोणाचे तरी दुःख असते, ते कसे उपजले हे विचारून आपण गाणे नाकारत नाही.

"दुःख त्यांचे नव्हते, बाई," मी म्हणालो. "मी घडवलेले होते. ओ होती. आपण तबकडीवर असे लिहून पाठवू, की माणसाने हाक मारली आणि कोणी बोलले नाही. ते खरे नाही. मंजुळाबाई बोलणार होत्या."

एवढे सलग मी त्या आठवड्यात प्रथमच बोललो असेन. इनामदार खिडकीबाहेर पाहत होते. माझी बाजू ते घेतील असे मला वाटले होते. ही हाळी त्यांच्याच आठवणीतली. त्यांनी फार संकोचाने सांगितले की कानाला पहिलीच पटते. "खोटं का बोलू? पण द्यायची का नाही, ते तुम्ही आणि त्या बाया ठरवा."

पहिली मी देणार नव्हतो. दुसरी रेगेबाईंना नको होती. शेवटची जागा उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या एका अंगाईला गेली. ती खरोखर सुंदर आहे. तिच्यात बाळाचा आवाज नाही. कोणीतरी तो काढला असावा.

त्या संध्याकाळी मी तिन्ही हाळ्या पुसल्या. पुसण्यापूर्वी एकदा ऐकाव्यात असे वाटले, आणि न ऐकता पुसल्या. बाहेर तुंगार्लीचे बंगले उजळू लागले होते. शुक्रवार सरत होता, मुंबईहून गाड्या येत होत्या, फाटके उघडत होती, प्रत्येक घरात कोणीतरी कोणालातरी बोलावत होते.

मळवलीकडे जाताना

शनिवारी परतीच्या वाटेवर मी मळवलीला उतरून भाज्याला गेलो. नकार फोनवर कळवता आला असता; पण मला तो समोर उभे राहून सांगायचा होता. गाव ओळखू येत नव्हते. वाटेवर गाड्यांची रांग, लेण्यांच्या पायऱ्यांवर माणूसच माणूस, आणि वर गडाच्या वाटेवर तरुण पोरे एकमेकांना आरोळ्या देत होती. दोघी जावा ताकाची भांडी मांडून बसल्या होत्या. तुमचा आवाज जाणार नाही असे मी सांगितले तेव्हा मंजुळाबाईंनी गिऱ्हाइकाला काकडी चिरून देता देता विचारले, मग कोणाचा जाणार. परदेशातल्या एका आईचा, मी म्हणालो. "जाऊंद्या बिचारीचा," त्या म्हणाल्या, आणि काकडीला तिखट-मीठ लावले.

हौसाबाईंनी मला ताक दिले. घरी कोण असते, असे त्यांनी विचारले. कोणी नाही, असे मी सांगितले. त्यांनी पेला परत घेतला, पुन्हा भरला आणि माझ्या हातात दिला. गाडीची वेळ झाली म्हणून मी निघालो.

गाव मागे पडले, महामार्गाचा पूल जवळ आला, तेव्हा मागून, वरून हाळी आली.

"भाऊऽऽ"

आवाज ओळखायला मला यंत्र लागले नाही. पायऱ्यांच्या वरच्या अंगाला, गर्दीपासून बाजूला, एक उंच आकृती उभी होती. शनिवारी त्या हाळी देत नाहीत हे मला आठवले. आणि का देत नाहीत तेही लगेच कळले. डोंगरभर ओ उठली. गडाच्या वाटेवरून, लेण्यांतून, गाड्यांच्या रांगेतून पोरांनी हसत, शिट्ट्या घालत ओ दिली. माझ्या शेजारून जाणाऱ्या एका मुलीनेही दिली. मी हात वर केला आणि "ओ" म्हणालो. ती शेजारच्या मुलीलासुद्धा ऐकू गेली नसावी.

दुसरी हाळी आली. पुन्हा सगळीकडून ओ. हौसाबाई हलल्या नाहीत. इतक्या ओंमधून त्यांना हवी ती आलेली नव्हती.

पायऱ्यांच्या खाली, ताकाच्या भांड्यांपाशी, आबा काठी घेऊन उठताना दिसले. ते खरेच उठत होते की मला तसे वाटले, हे आता सांगता येणार नाही. पण तिसऱ्या हाळीनंतर त्या गावात काय होते हे मला माहीत होते, आणि त्या म्हाताऱ्या माणसाला माझ्यापायी पुन्हा चालायला लावायचे नव्हते. मी यंत्राची पिशवी रस्त्यावर ठेवली. दोन्ही हात तोंडाभोवती धरले. किती वर्षांत मी कोणाला मोठ्याने ओ दिली नव्हती, कोण जाणे; घसा ती कशी काढायची तेच विसरला होता. तिसरी हाळी डोंगरावरून सुटली, आणि ती संपायच्या आत माझा आवाज निघाला, फाटका, बेसूर, मध्येच चिरकलेला. गाड्यांतली माणसे काचा खाली करून बघू लागली. तिकडे लक्ष न देता मी श्वास पुरेल तोवर ओ लांबवली.

वरून पुन्हा हाळी आली नाही.